मुद्दाम हरायचं का? न्यूयॉर्क जेट्सचा हिशोब

फुटबॉल म्हटलं की आपल्याला कोल्हापूरच्या तालमींचे सामने आठवतात. आजचा विषय मात्र अमेरिकन फुटबॉलचा, म्हणजे लांबट बॉल हातात घेऊन पळतात तो. खेळ कळत नसला तरी चालेल, हिशोब लगेच कळेल.

तिथल्या एनएफएल लीगमध्ये ३२ टीम आहेत. कॉलेजमधून येणारे नवे खेळाडू दरवर्षी 'ड्राफ्ट'मध्ये नंबराप्रमाणे निवडले जातात, आणि पहिला नंबर मिळतो सगळ्यात जास्त हरलेल्या टीमला. सगळ्यांचा डोळा असतो तो क्वार्टरबॅकवर. बॉल कोणाकडे फेकायचा हे तो ठरवतो. गल्ल्यावर बसलेला माणूसच म्हणा ना.

आता २०२० चा सीझन बघा. न्यूयॉर्क जेट्स सलग १३ मॅच हरलेले. ट्रेव्हर लॉरेन्स नावाचा कॉलेजचा स्टार क्वार्टरबॅक येणार होता आणि पहिला नंबर जवळजवळ जेट्सच्या खिशात होता. २० डिसेंबरला त्यांनी रॅम्सना २३-२० हरवलं. आणि जिंकल्यावर त्यांचेच कितीतरी फॅन्स वैतागले! पुढच्या आठवड्यात टीम परत जिंकली. पहिला नंबर गेला जॅक्सनव्हिलला, लॉरेन्सही तिकडेच.

फॅन्स वेडे नव्हते. लॉरेन्सने दुसऱ्याच सीझनमध्ये जॅक्सनव्हिलला प्लेऑफमध्ये नेलं आणि तिथे २७-० ने मागे पडलेली मॅच ३१-३० ने जिंकली. जेट्सने दुसऱ्या नंबरवर झॅक विल्सन घेतला. तो काही जमला नाही, २०२४ मध्ये त्याला डेन्व्हरला देऊन टाकलं.

म्हणजे हरायलाच हवं होतं? थांबा. याच जेट्सने २०१८ मध्ये तिसऱ्या नंबरवर सॅम डार्नोल्ड घेतला होता. तीन वर्षांत कंटाळून सोडला. तोच डार्नोल्ड २०२४ मध्ये मिनेसोटाकडून खेळला आणि टीमने १७ पैकी १४ मॅच जिंकल्या. सॅन फ्रान्सिस्कोचा ब्रॉक पर्डी तर २०२२ च्या ड्राफ्टमधला शेवटचा, २६२ वा! दुसऱ्याच सीझनमध्ये सुपर बोलपर्यंत पोचला. मला विचाराल तर जेट्सची अडचण नंबराची कमी आणि आलेला माणूस घडवण्याची जास्त होती.

अजून एक गोष्ट फॅन्स विसरतात. मैदानावरचा खेळाडू का हरेल? पुढच्या वर्षी येणारा स्टार कदाचित त्याचीच जागा घेणार. कोचचंही तेच. जेट्सच्या कोचला सीझन संपताच घरी पाठवलं.

हे मी का सांगतोय? मेन रोडला मोठा गाळा मिळणार म्हणून मी एकदा सहा महिने जुन्या दुकानाकडे दुर्लक्ष केलं होतं. माल भरला नाही, पोराला म्हणायचो, "आता नवीन ठिकाणीच बघू." गाळा मिळाला. पण रोजची गिऱ्हाइकं तोवर शेजारच्या दुकानाला सरावली होती, आणि पोरालाही "नाहीये" म्हणायची सवय लागली होती. ती सवय नव्या गाळ्यातही आली. ती मोडायला मला वर्ष लागलं, भाडं मात्र पहिल्या महिन्यापासून चालू.

पुढच्या व्हिडिओत बघू, नवा माणूस कामाला ठेवल्यावर पहिल्या तीन महिन्यांत त्याला काय काय शिकवायचं. वही घेऊन बसा.