वाटणीचा धडा

मार्च संपता संपता बातमी आली आणि आपल्याच घरचं लग्न जमल्यासारखं नागपूर खूश झालं. सिंगापूरच्या टेमासेक या गुंतवणूक कंपनीने हल्दीरामच्या नमकीनच्या धंद्यात सुमारे १० टक्के वाटा घेतला आणि कंपनीचं मोल ठरलं जवळपास ८५ हजार कोटी रुपये. पाठोपाठ १ एप्रिल २०२५ पासून दिल्ली आणि नागपूरच्या घरांचा पाकीटबंद माल एका कंपनीत आला. दोन घरांच्या आपसातल्या वाटणीत दिल्लीचे ५६ टक्के, नागपूरचे ४४.

आता नागपूरच्या धरमपेठेतल्या क्लासेसमध्ये ‘एकीचे बळ’ या मथळ्याखाली हल्दीराम शिकवलं जाईल. मला मात्र यात वाटणीचं बळ दिसतं.

बिकानेरच्या गंगाबिशन ऊर्फ हल्दीराम अग्रवाल यांच्या घराण्याची भागीदारी नोव्हेंबर १९७४ मध्ये मोडली. नावाचे हक्क नकाशावर वाटले गेले. पश्चिम बंगाल एका मुलाकडे, रामेश्वरलालांकडे गेलं, बाकी देश दुसऱ्याकडे, मूलचंदांकडे राहिला. मूलचंदांचे चिरंजीव शिवकिसन तोवर नागपुरात रुळले होते. पुढे पश्चिम आणि दक्षिण भारत नागपूरकडे आला, तर शिवकिसन यांचे भाऊ मनोहरलाल यांनी १९८३ मध्ये दिल्ली गाठून उत्तर सांभाळली.

आपल्याकडे वाटणी म्हटलं की भाऊबंदकी आठवते, बांधावरची मारामारी आठवते. इथे वाटणीने काय दिलं? शिवकिसनजींना नागपूरच्या जिभेचा अभ्यास करायची मोकळीक. काजूकतली इथे ओळखीची नव्हती, तर त्यांनी ती लोकांना फुकट चाखायला दिली. शेवेच्या जोडीला दाक्षिणात्य पदार्थ ठेवले. संत्र्याची बर्फी तर आज रेल्वेने जाणाऱ्याच्या पिशवीत असतेच. प्रत्येक ताटलीसाठी बिकानेरची परवानगी लागली असती, तर हे झालं असतं असं मला वाटत नाही.

वाटणीचा कागद कुठे फाटतो, हेही याच घराण्याने दाखवलं. रामेश्वरलालांच्या कोलकात्याच्या शाखेने दिल्लीत दुकान थाटलं आणि नावाचा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. दुकानं वाटता येतात, गिऱ्हाइकाच्या मनातलं नाव वाटता येत नाही.

काय वाटायचं आणि काय एकत्र ठेवायचं, हा प्रश्न व्यवस्थापनशास्त्राचाच. एमबीएची पोरं व्यवस्थापनाची चौदा तत्त्वं पाठ करतात ती हेन्री फेयॉलची. हा फ्रेंच माणूस प्राध्यापक नव्हता, खाणीतला इंजिनिअर होता. १८८८ मध्ये बुडायला टेकलेली खाण-कंपनी त्याच्या हाती आली. त्याने ती सावरली, चालवली आणि मग कुठे १९१६ मध्ये तत्त्वं लिहिली. आधी गल्ला, मग ग्रंथ. त्याचं एक तत्त्व सगळ्यांना आवडतं: एका माणसाला एकच साहेब. दुसरं मात्र घाईत वाचलं जातं. निर्णय एका हाती असणं मुळात चांगलंही नाही आणि वाईटही नाही, प्रश्न प्रमाणाचा आहे, असं त्याचं म्हणणं. तत्त्वं लवचीक असतात आणि ती कशी वापरायची हे अनुभवाने कळतं, हेही त्याने बजावून ठेवलंय. परीक्षेत याला मार्क नाहीत, म्हणून ते कुणी वाचत नाही.

हे प्रमाण हल्दीरामच्या करारात बघा. एकत्र आला तो पाकिटातला माल. रेस्टॉरंटं दोन्ही घरांनी आपापल्याकडेच ठेवली. भुजियाचं पाकीट नागपुरात आणि नोएडात सारखंच निघालं पाहिजे; तिथे मशीन, मालवाहतूक, जाहिरात एकत्र केली की पैसा वाचतो. पण रविवारी सकाळी काउंटरवर काय संपलं, कुठलं गिऱ्हाईक नाक मुरडून गेलं, हे तिथे उभ्या असलेल्यालाच कळतं. मशीनचं काम एकत्र, माणसाचं वेगळं: माझ्या मते सगळं व्यवस्थापन या एका ओळीत बसतं. शंका एवढीच की १० टक्केवाला पाहुणा उद्या स्वयंपाकघरातही डोकावणार नाही कशावरून?

धरमपेठेला हे समजायला लांब जायला नको. इथल्या कॉफी हाऊस चौकातून आपण रोज जातो. कॉफी बोर्डाने पन्नाशीच्या दशकात आपली कॉफी हाऊसं बंद करायला काढली, तेव्हा कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने कामगारांनी सहकारी संस्था काढल्या. पहिली १९५७ मध्ये बंगळूरला निघाली. १९५८ सरेपर्यंत इंडियन कॉफी हाऊस नागपुरातही होतं. कालपर्यंत कप उचलणारा मालक झाला, आणि कॉफी कधी गार होते हे त्याला आधीच ठाऊक होतं.

चौकाच्या आसपास दोन भावांची, बाप-लेकांची कितीतरी दुकानं आहेत. मुलगा बंगळूरला, बाप गल्ल्यावर, आणि फ्रीज कुठला घ्यायचा यावर फोनवर वाद. त्यांनी सल्लागार शोधण्याआधी एका कागदावर दोन रकाने आखावेत: कुठले निर्णय दोघांनी मिळून घ्यायचे आणि कुठले दुकानात उभ्या असलेल्याने. मग शांतपणे सही करावी, भांडण व्हायच्या आधी.