‘खिचडी’ : विनोदी मालिकेचे चित्रपटरूप

लोकप्रिय विनोदी मालिकेचा चित्रपट होतो तेव्हा केवळ लांबी वाढत नाही; पुनरुक्तीचे कार्यच पालटते. २००२ साली ‘स्टार प्लस’ वाहिनीवर सुरू झालेली हिंदी मालिका ‘खिचडी’ आणि आतिश कपाडिया यांनी दिग्दर्शित केलेला तिचा २०१० मधील चित्रपट या दृष्टीने तपासण्याजोगे आहेत.

मालिकेत हंसा इंग्रजी शब्दाचा अर्थ विचारते. प्रफुल तो शब्द ध्वनिसाम्याने हिंदी पदांत फोडून भलताच अर्थ सांगतो. भाषाशास्त्रात जिला लोकव्युत्पत्ती म्हणतात, तिचेच हे विडंबन होय. प्रश्नाचा साचा ठरलेला, उत्तर मात्र अनपेक्षित. दोन भागांमधील कालांतरामुळे हा साचा शिळा होत नाही. उलट त्याची ओढ वाढते.

चित्रपटात हे कालांतर उरत नाही. सलग दोन तास तोच साचा येत राहिला, तर प्रेक्षक उत्तरापूर्वीच थकेल. म्हणून तेथे हिमांशूच्या प्रेमविवाहाच्या कथानकाचा आधार घेतलेला दिसतो. परंतु कथानक सामान्यतः पात्रांत परिवर्तन मागते. आणि हंसा शहाणी झाली, तर प्रश्नच संपला! सबब, घटना पुढे सरकाव्यात, पात्रे मात्र तिळमात्र बदलू नयेत, हीच अशा रूपांतराची खरी कसोटी मानावी लागेल.