शरीर जेव्हा मनाचे गाऱ्हाणे मांडते

तुमच्या घरात किंवा शेजारी असे एखादे माणूस बहुधा असेलच. छातीवर सारखे दडपण वाटते, मान व पाठ भरून येते, पोटात ढवळते, अपरात्री दचकून जाग येते. रक्त तपासून झाले, हृदयाचा आलेख काढून झाला, क्ष-किरण चित्रेही झाली; सारे अहवाल निर्दोष. डॉक्टर हसून म्हणतात, "तुम्हांला काही झालेले नाही." घरची मंडळी सुटकेचा निःश्वास टाकतात आणि मग हळूहळू त्यांचा सूर पालटतो. हे मनाचे खेळ आहेत, कामे टाळण्याची निमित्ते आहेत, असे प्रथम आडून आणि पुढे उघड म्हटले जाते. रुग्ण एकटा पडतो, कारण त्याचे दुखणे सोंग नसते. ते खरोखरच दुखत असते.

खरे पाहता आपल्या बोलण्यात ही गोष्ट आपण रोजच मान्य करतो. वाईट वार्ता ऐकली की मराठी माणसाच्या छातीत धस्स होते, पोटात गोळा येतो, हातपाय गळतात. हिंदी भाषकाचा 'दिल बैठ जाता है', आणि पंजाबी स्त्री 'दिल घिरदा है' असे सांगते. भीती आणि शोक यांना शरीरात जागा असते, हे आपल्या सर्व भाषांना ठाऊक आहे. ते विसरतात ते केवळ आपण, घरात कोणी आजारी पडल्यावर.

अमेरिकेतील विल्यम जेम्स या मानसशास्त्रज्ञाने 1884 साली असे प्रतिपादन केले की, प्रसंग समोर येताच आधी शरीर बदलते आणि त्या बदलाची जाणीव म्हणजेच भावना. या मतावर पुढे पुष्कळ वाद झाले व ते जसेच्या तसे आज कोणी मानीत नाही. तथापि भावनेचा विचार शरीर वगळून करता येत नाही, हा त्यातील मुद्दा टिकून राहिला आहे.

संकट दिसताच ॲड्रेनलिन रक्तात उतरते, हृदय जोराने धावते, श्वास उथळ व जलद होतो, स्नायू ताठतात, पचन मंदावते. समोर साप असेल तर ही सिद्धता उपयोगाची आहे. दोन मिनिटांत काय ते निकालात निघते. परंतु संकट म्हणजे फिटत न येणारे कर्ज असेल, दारू पिऊन येणारा पती असेल, किंवा रोज पाणउतारा करणारा वरिष्ठ असेल तर? तेथे पळता येत नाही आणि लढताही येत नाही. शरीर मात्र पहाऱ्यावरच राहते. महिनोन्महिने खांदे उचललेले, जबडा आवळलेला. आणि त्या माणसाला त्याची वार्ताही नसते. शिकागो येथील डॉक्टर एडमंड जेकबसन यांनी याच गोष्टीचा पाठपुरावा केला. एकेक स्नायू मुद्दाम ताठ करावा, तो ताण नीट ओळखावा आणि मग सैल सोडावा, अशी पद्धत त्यांनी बसवली व 1929 साली ग्रंथरूपाने मांडली. ती आजही शिकवली जाते. यात मौज अशी की, ताण सोडण्यापूर्वी तो असल्याचे कळावे लागते.

आता संवादाने केल्या जाणाऱ्या मानसोपचाराकडे वळू. हा उपचार आपल्या देशाला नवा नाही. डॉ. गिरींद्रशेखर बोस यांनी 1922 सालीच कलकत्त्यात मनोविश्लेषणाची संस्था स्थापन केली होती. तरीही अनेकांची समजूत अशी की, तेथे कोणी उपदेश करतो किंवा धीर देतो. उपदेश आणि धीर नातेवाइकांकडून मुबलक मिळत असतात. त्यासाठी वेगळ्या माणसाकडे जाण्याचे कारण नाही. ठरलेल्या वेळी, बहुधा आठवड्यातून एकदा, पाऊण-एक तास रुग्ण बोलतो आणि प्रशिक्षित श्रोता त्याला स्वतःकडे पाहण्यास साहाय्य करतो.

आता हे बोलणे कधी गुण देते आणि कधी का देत नाही? युजीन जेंडलिन हे शिकागो विद्यापीठात कार्ल रॉजर्स यांचे सहकारी होते. उपचारांतील संभाषणांची ध्वनिमुद्रणे अभ्यासताना त्यांच्या ध्यानात आले की, रुग्ण काय सांगतो यापेक्षा कसे सांगतो याला अधिक महत्त्व आहे. ज्यांना गुण येई, ते मध्येच थांबत, शब्दांसाठी चाचपडत, आत काही तरी अस्पष्ट जाणवते आहे त्याकडे लक्ष देत. अस्खलित बोलणारे बहुधा तेथल्या तेथेच फिरत राहत. हे थांबणे शिकवता येईल, असे जेंडलिन यांनी 1978 सालच्या आपल्या पुस्तकात सांगितले.

एक कल्पित उदाहरण घेऊ. एक कारकून तिसऱ्यांदा तीच कथा सांगतो आहे: साहेबांशी पटत नाही. उपचारक विचारतो, "हे सांगताना शरीरात कोठे काही जाणवते का?" तो गोंधळतो. मग म्हणतो, "घशात. काही तरी अडकले आहे." थोडा वेळ जातो. "अडकलेले नव्हे... दाबून धरल्यासारखे." तो शब्द नेमका बसतो आणि त्याचा श्वास मोकळा होतो. दाबून कोण धरीत आहे? हळूहळू कळते की, धरणारा तोच आहे. वडिलांच्या अखेरच्या दुखण्यात रजा नाकारली गेली तेव्हा जे बोलायचे होते ते त्याने गिळले होते. दुःख तेवढेच राहते, परंतु आता ते घशातली गाठ नसून ओळखता येणारी गोष्ट आहे. तिच्याविषयी बोलता येते, रडताही येते.

आपल्याकडील एक प्रयोगही येथे सांगण्याजोगा आहे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. एन. एस. वाहिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी पतंजलीच्या योगविचारावर आधारलेला उपचार मनोविकारांच्या रुग्णांवर केला आणि त्याचे निष्कर्ष 1973 च्या सुमारास प्रसिद्ध केले. एका गटाने आसने व प्राणायाम यांबरोबर चित्त एकाग्र करण्याचा अभ्यास केला. दुसऱ्याने बाहेरून तशाच दिसणाऱ्या हालचाली, पण त्या अभ्यासावाचून. पहिल्या गटाला अधिक लाभ झाला. नुसते अंग वाकवून भागत नाही, असाच याचा अर्थ घ्यावा लागेल.

येथे एक शंका साहजिक आहे. हे रुग्ण तर आधीच शरीराकडे फार लक्ष देतात. दर घटकेला नाडी चाचपतात. त्यांना आणखी काय सांगायचे? परंतु धास्तीने चाचपणे वेगळे आणि शांतपणे निरखणे वेगळे. ऑक्सफर्डचे डेव्हिड क्लार्क यांनी 1986 साली अकस्मात येणाऱ्या भीतीच्या झटक्यांचा उलगडा याच अंगाने केला. घाबरलेला माणूस जलद श्वास घेतो. त्यामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो, बोटांना मुंग्या येतात, भोवळ येते. हा हृदयविकारच, असे त्याला वाटते, आणि भीती दुणावते. अशा वेळी काही उपचारक, डॉक्टरी तपासणीनंतर, रुग्णाला आपल्यासमोर मुद्दाम जलद श्वास घ्यावयास लावतात. त्याच मुंग्या, तीच भोवळ. आणि थांबताच सारे ओसरते. तीच संवेदना आता मृत्यूची वर्दी वाटत नाही.

अर्थात शरीराची तपासणी आधी झालीच पाहिजे; छातीतील प्रत्येक कळ मनाच्या खात्यावर टाकणे धोक्याचे आहे. तीव्र नैराश्यात किंवा भ्रम होत असता औषधांची गरज असते, ती शरीरभानाने भागत नाही. ज्यांनी अत्याचार किंवा भयंकर अपघात सोसला आहे, त्यांना डोळे मिटून आत पाहणेच असह्य होऊ शकते. तेथे जाणता उपचारक घाई करीत नाही, पाय जमिनीला टेकलेले आहेत एवढीच जाणीव प्रथम पुरेशी मानतो. आणि एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे: या पद्धतीसाठी उपचारकाने रुग्णाला स्पर्श करण्याची आवश्यकता नाही. कोणी तसे सुचवले तर नाही म्हणण्याचा तुम्हांला पूर्ण अधिकार आहे.

घरच्यांनी काय करावे? अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्या सागर यांनी 1950 नंतरच्या दशकात रुग्णांचे कुटुंबीय आवारात तंबू ठोकून रुग्णांसमवेत ठेवले होते. आजार म्हणजे काय हे त्यांना तेथे उमजे आणि रुग्ण घरी परतणे सोपे होई. तुम्हांला तंबूत राहावे लागणार नाही. "काही झालेले नाही" याऐवजी "कोठे दुखते, केव्हा वाढते?" असे विचारून उत्तर पुरते ऐकून घेतले, तरी पुष्कळ झाले.

उपचार कोठे मिळतील हा प्रश्न उरतो. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने सरकारी सेवेतून मानसिक आजारावर उपचार मिळण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला दिला आहे; तेव्हा जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. 2022 साली सुरू झालेल्या टेलि-मानस या सरकारी सेवेचा दूरध्वनी क्रमांक 14416 हा आहे. तेथे रात्रंदिवस, विनामूल्य आणि अनेक भारतीय भाषांत बोलता येते. काय सांगावे हे सुचले नाही, तर छातीवर दडपण येते, झोप लागत नाही, एवढे सांगूनही प्रारंभ करता येतो.