पूल बांधणाऱ्या शकुंतलाबाई
मानखुर्द सुटलं की लोकल खाडीपुलावर चढते आणि चाकांचा आवाज बदलतो. तो पूल त्यांचा नव्हे, तरी मला दर वेळी शकुंतला भगत आठवतात. १९५३ साली व्हीजेटीआयमधून पदवी घेतलेल्या, भारतातल्या सुरुवातीच्या महिला सिव्हिल इंजिनिअरपैकी एक! १९७० मध्ये पती अनिरुद्ध भगत यांच्यासोबत त्यांनी क्वाड्रिकॉन ही पूल बांधणारी कंपनी काढली. पोलादाचे ठरावीक मापाचे सुटे भाग कारखान्यात बनवायचे आणि डोंगरात नेऊन जोडायचे. पूल लहान असो वा मोठा, भाग तेच. किती साधी आणि केवढी मोलाची कल्पना! पहिला पूल १९७२ मध्ये हिमाचलातल्या स्पितीत उभा राहिला. १९७८ पर्यंत ६९ झाले. घरात इंजिनिअर होऊ पाहणारी मुलगी असेल, तर हे नाव तिला जरूर सांगा.