नव्वद घोडे

करमाडच्या बाजारगल्लीत मक्याच्या धुळीचा वास येतो, डिझेलचा येतो, भज्यांचा येतो. डोळे चुरचुरतील इतका नेलपॉलिशचा वास का यावा, हे काही मला उमगेना. त्या वासामागे मी गेले आणि एका पत्र्याच्या शेडमध्ये पोहोचले. आत एक काका विमानाच्या पंखाला ब्रश मारत बसले होते.

पंख म्हणजे पाचेक फुटांचा नमुना. दोन लाकडी स्पार, त्यांवर आडव्या पातळ रिब आणि सगळ्यावर ताणलेलं सुती कापड. एका कॉलेजाला तो मुलांना दाखवण्यासाठी हवा होता. काकांचा जन्म एका फ्लाइंग क्लबात विमानांना कापड चढवण्यात गेला. निवृत्त झाल्यावर ते गावी परतले. "पुष्पक होती आमच्याकडे," ते म्हणाले. "घोडे नव्वद. फक्त नव्वद."

हा आकडा त्यांच्या बोलण्यात सारखा येत राहिला. आजच्या कित्येक साध्या मोटारींतही नव्वदच्या आसपास घोडे असतात. तेवढ्याच ताकदीवर पुष्पक विमान दोन माणसांना घेऊन उडायचं. बंगळुरूच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये त्याचं काम झालं ते डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या हाताखाली. घाटगे कोल्हापूरकडचे, जर्मनीत गटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्याकडे त्यांनी डॉक्टरेट केली होती. त्यांचं एचटी-२ विमान १९५१ मध्ये उडालं, पुष्पक १९५८ मध्ये. अमेरिकेतल्या एरोन्का चीफशी पुष्पकचं साम्य उघड आहे, पण म्हणून ते कमअस्सल ठरत नाही. अशी दीडशेच्या आसपास विमानं बनली, देशभरच्या क्लबांत गेली आणि कितीतरी वैमानिकांचे हात त्यांवर बसले.

पुष्पकचा पंखा हाताने फिरवून इंजिन सुरू करायचं. एकाने ओरडायचं, दुसऱ्याने ओढायचं आणि लगेच मागे सरायचं. उडायचं शक्यतो सकाळी. जवळच्या चिकलठाण्याची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे ५८० मीटरवर आहे. मे महिन्यात पारा बेचाळिसावर गेला की हवा इतकी विरळ होते की ढोबळ हिशेबाने नव्वदातले पंधराएक घोडे उंचीत आणि उन्हातच जातात. "मोठ्या विमानाला चालतं हो," काका म्हणाले. "आपल्याकडे मुळात नव्वदच."

पुष्पकचं तिसरं चाक नाकाखाली नसून शेपटाला असतं. विमानाचा भार पुढच्या दोन चाकांच्या मागे पडतो. त्यामुळे उतरताना ते जरा तिरकं झालं की शेपूट आपणहून पुढे यायला बघतं आणि तिरकेपणा वाढतच जातो. पाय रडरवर सतत जागे हवेत. विमान धावपट्टीला टेकलं म्हणून शिकाऊ पोरगा सैलावला, की ते जमिनीवरच गरकन फिरायचं आणि पंखाचं टोक घासायचं. याला ग्राउंड लूप म्हणतात. वैमानिकाच्या वहीत त्याची एक ओळ व्हायची, काकांच्या टेबलावर फाटका पंख यायचा.

तो दुरुस्त कसा करायचा, हे त्यांनी मला नमुन्यावर दाखवलं. वीतभर लांब सुई, तीत मेण लावलेला दोरा. सुई वरच्या कापडातून रिबला लागून खाली जाते आणि पलीकडून परत वर येते. मग अंगठ्याने दोरा दाबून गाठ. प्रत्येक गाठ स्वतंत्र घट्ट करायची; एक तुटली तरी शेजारची सुटता कामा नये. दर तीन-चार इंचांवर एक. उडताना पंखावरची हवा कापडाला वर ओढते. कापड रिबपासून सुटू नये म्हणून या गाठी. गाठींवर कातऱ्या कडांची पट्टी चिकटवायची आणि मग डोपचे हात द्यायचे. नेलपॉलिशसारखा वास येत होता तो याचाच. डोप सुकताना कापड आवळतं. काकांनी टिचकी मारली, तर कापड चक्क वाजलं. त्यांनी मान वाकडी करून ऐकलं, दोन बोटं सरकून पुन्हा मारली. तिथे आवाज जरा बसका होता. मला फरक कळलाही नसता, पण त्यांनी तोंड वाकडं केलं.

१५ ऑक्टोबर १९८२ रोजी जेआरडी टाटांनी अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी लेपर्ड मॉथ विमान कराचीहून जुहूला आणलं. पन्नास वर्षांपूर्वीच्या त्यांच्या पहिल्या टपाल उड्डाणाची ती आठवण होती. त्याचे फोटो पाहिलेले असतात. पंखाला कापड कोणी ताणलं, हे त्यांत दिसत नाही. परदेशात पासष्ट घोड्यांचं पायपर कब हौसेने बाळगणारे शेतकरी आहेत. आपल्याकडे जुनं विमान स्वतःचं असणं ही राजेरजवाड्यांची नाही तर उद्योगपतींची गोष्ट. पण काका क्लबाच्या पुष्पकला सरळ "माझं" म्हणतात, आणि मला ते खोटं वाटत नाही. ज्याने दर काही वर्षांनी ते सांगाड्यापर्यंत सोलून पुन्हा शिवलं, त्याचा हक्क लॉगबुकात सही करणाऱ्यापेक्षा कमी कसा?

हवाई दलाचं जुनं टायगर मॉथ ब्रिटनमध्ये नीट होऊन आलं आणि २०१२ मध्ये पुन्हा उडालं, हे काकांना ठाऊक आहे. आनंद झाला, असं ते म्हणाले. मग ब्रश थिनरमध्ये जोरजोरात खळबळत, "शिवायला इथं माणसं नव्हती का?"

तेवढ्यात कॉलेजातून फोन आला. नमुना सोमवारपर्यंत रंगवून हवा होता. अजून चंदेरी हात बाकी होते. ॲल्युमिनियमची पूड घातलेला तो थर ऊन अडवतो, नाही तर कापड कुजतं. बाहेर आभाळ भरून आलं होतं. दमट हवेत डोप सुकला की त्यावर पांढुरकी साय धरते आणि थर कच्चा राहतो. मराठवाड्याची कोरडी हवा या कामाला मुंबईपेक्षा बरी, पण पावसाळ्यात इथेही थांबावंच लागतं.

"नाही सर, सोमवारी नाही," काका फोनवर म्हणाले. "ऊन पडू द्या. नुसतं दाखवायचंय ते मला माहीत आहे. म्हणून काय झालं?"