पट्टा पडल्यावर ट्रॉलीच्या टायरची निगा



गळीत हंगामाचा पट्टा पडला की आपण सगळेच जरा सैल होतो. ट्रॅक्टर नांगरटीला लागतो, बैल दावणीला जातात, आणि हंगामभर ऊस वाहिलेली ट्रॉली किंवा टायरगाडी बांधावर नाहीतर उघड्या माळावर सोडून दिली जाते. ती पुन्हा हलते दसरा-दिवाळीच्या सुमारास. वर्षातले सहा-सात महिने ती उभीच. मग नव्या हंगामात मोळी पडते, पहिल्या आठ-दहा खेपांतच कुठेतरी टायर फुटतो आणि भरलेली गाडी रस्त्याच्या कडेला झुकते. तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गव्हाणीत पडला पाहिजे असे आम्ही सांगत असतो, आणि इकडे ऊस उन्हात वाळत पडतो. वजनही जाते, साखरही जाते. रात्रीची वेळ असली तर मागून येणाऱ्याच्या जिवावर बेतते.

असा फुटलेला टायर पाहिला तर पुष्कळदा त्याची नक्षी चांगली शाबूत असते. "उभ्या गाडीचा टायर काय झिजतोय साहेब?" असे आम्हाला गटागटांत विचारले जाते. झिजत नाही, पण सुकतो, तडकतो.

त्याचे कारण रबराच्या जातीतच आहे. कच्चे रबर उन्हाने चिकट होते आणि थंडीने कडक. १८३९ साली गुडइयर नावाच्या अमेरिकन माणसाने त्यात गंधक घालून ते भाजले, तेव्हा कुठे ते कामाचे झाले. १८८८ साली डनलपने हवेची धाव काढली; टायरगाडीला आपल्याकडे डनलप म्हणतात ते त्याच्याच नावावरून. आजच्या टायरात काजळी घालतात ती ऊन सोसावे म्हणून आणि घासाला टिकावे म्हणूनही. शिवाय त्यात एक प्रकारचे मेण असते. चाक फिरताना रबर दाबले जाते, सुटते, आणि हे मेण हळूहळू वर येऊन टायरला पातळ थर देते. हवेतला ओझोन वायू रबराला चिरा पाडतो, त्याला हा थर अडवतो. चालत्या गाडीचा टायर असा स्वतःची राखण करतो. उभ्या गाडीत हे काम मंदावते, आणि आपल्या जालना जिल्ह्यात तर एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० च्या वर जातो. काळ्या टायरला हात लावून पाहा, चटका बसतो.

दुसरी गोष्ट वजनाची. उभ्या ट्रॉलीचा सगळा भार टायरच्या एकाच जागेवर राहतो. ट्यूबमधली हवा महिन्या-दोन महिन्यांत उतरते, टायर रिमखाली चेपतो, आतले धागे त्या ठिकाणी मोडतात. नंतर हवा भरली की टायर वरून गोल दिसतो. धागा मात्र मोडलेलाच राहतो, आणि भरल्या उसाखाली तो तिथेच सुटतो.

म्हणून पट्टा पडल्याच्या आठवड्यातच हे काम उरकावे. ट्रॉली रिकामी करून धुवावी, वाढे-माती काढावी. मुरूम किंवा फरशीची पक्की जागा निवडावी. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. तिच्यावर दिलेला टेकू आषाढात कलतो हे ध्यानात ठेवा. जॅक लावून ॲक्सलखाली बाभळीचे जाड ओंडके द्यावेत, विटा देऊ नयेत, त्या भाराने फुटतात. चाक जमिनीपासून दोन बोटे सुटले की पुरे. मग टायरात जेमतेम आकार राहील इतकी हवा ठेवावी. ओंडके देणे जमतच नसेल तर उलटे करावे : टायरच्या बाजूवर लिहिलेली पूर्ण हवा भरून ठेवावी आणि महिन्यातून एकदा गाडी अर्धा फेरा पुढे ढकलावी.

सावली हवीच. झाडाची सावली फिरती असते, तेव्हा टायरांवर पोते किंवा जुनी ताडपत्री बांधावी. काही जण पाचटाचा ढीग लावतात. त्यात उंदीर होतात, आणि विडीच्या एका ठिणगीने ट्रॉलीही जाते. पाचटाची जागा खोडव्याच्या सरीत आहे, हे आम्ही एरवीही सांगतच असतो. चाके काढून घरात ठेवत असाल तर रिमसह असलेली आडवी रचावी, नुसते टायर उभे ठेवावेत आणि महिन्याला थोडे फिरवावेत. खताच्या पोत्यांजवळ नको, रिम गंजते.

जळके ऑईल फासून टायर काळाभोर करण्याची पद्धत गावोगाव आहे. ती बंद करा. ऑईल, डिझेल, ग्रीस रबर फुगवून मऊ करतात. जळके ऑईल लाकडाला लावा, लोखंडाला लावा.

आता सगळ्यांत महत्त्वाचे. बिनहंगामात ट्रॉलीची वेल्डिंगची कामे निघतात. तडकलेली रिम टायर चढवलेला असतानाच वेल्डिंग करून घेणे म्हणजे बॉम्बजवळ बसणे. उष्णतेने आतल्या रबराचे जळाऊ वायू होतात, दाब वाढतो आणि टायर फुटतो. कधी वेल्डिंग संपल्यावर थोड्या वेळानेसुद्धा. हवा सोडली की धोका टळतो असे समजू नका. टायर-ट्यूब रिमवरून पूर्ण उतरवल्याशिवाय कोणालाही रिमला वेल्डिंग करू देऊ नका, मग तो कितीही घाई करो. हवा भरतानाही लॉक रिंगच्या समोर उभे राहू नये, पोरांना तर जवळ येऊच देऊ नये.

पावसाळ्यात सुट्या टायरात पाणी साचते. डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या पाण्यात अंडी घालतो, आठ-दहा दिवसांत नवी पैदास उडते. गोठ्यामागे पडलेले टायर आठवड्याला उलटून कोरडे करावेत, नाहीतर भोके पाडावीत.

दुष्काळी वर्षांचा वेगळा विचार करावा लागतो. २०१२-१३ आणि २०१५-१६ साली आपल्या भागात पाणी आटले. ऊस घटला की गाड्यांना काम राहत नाही, आणि एखादी गाडी वर्ष-दीड वर्षही उभी राहू शकते. अशा गाडीच्या टायरचे वय पाहूनच ती भरावी. टायरच्या बाजूवर लंबगोलात शेवटचे चार आकडे असतात. ३५१९ असेल तर तो २०१९ सालच्या ३५ व्या आठवड्यात तयार झालेला. जुना टायर विकत घेतानाही हे आकडे वाचून घ्यावेत, विकणारा काहीही सांगो.

दसऱ्याच्या आधी ट्रॉली खाली उतरवताना प्रथम हवा भरावी, मग ओंडके काढावेत. टायरच्या बाजूला बोटाने दाबून चिरा पाहाव्यात. बारीक जाळी दिसली तर टायरवाल्याला दाखवून मगच गाडी जोडावी. चिरेतून धागा दिसत असेल तर तो टायर भरल्या उसाखाली घालू नये. पहिली खेप थोडी हलकी भरा आणि अर्ध्या वाटेवर थांबून चारही चाकांना हात लावून पाहा. एकच चाक जास्त तापले असेल तर हवा कमी आहे, नाहीतर बेअरिंग धरले आहे.