गुडघे दुखतात म्हणून विहार सोडू नका

वर्षावासात विहारात ग्रंथवाचन सुरू होतं, तेव्हा पुढच्या रांगेत आज्या असतात. काही दिवसांत त्यातल्या दोघी-तिघी दिसेनाशा होतात. विचारलं तर उत्तर ठरलेलं: "खाली बसलं की उठवत नाही गं." खुर्ची पुढे केली तर, "बुद्ध-बाबासाहेबांसमोर खुर्चीत कशी बसू?" घाटकोपर असो की मुलुंड, वस्तीत हेच ऐकू येतं. "वय झालं, गुडघे जायचेच," असं म्हणून त्या दुखणं अंगावर काढतात.

दुखणं काय आहे?

सांध्यात हाडांच्या टोकांवर कूर्चेचं गुळगुळीत आवरण असतं. ते झिजतं, सांधा सुजतो, भोवतीचे स्नायू दुबळे होतात. हाच ऑस्टिओआर्थ्रायटिस. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार २०१९ मध्ये जगात सुमारे ५२ कोटी ८० लाख लोकांना तो होता. त्यांत ६० टक्के स्त्रिया. पाळी गेल्यावर त्रास वाढतो. आपल्या आयाबायांनी तर जन्मभर उकिडवं बसून लाद्या पुसल्या, चढावर हंडे वाहिले. सार्वजनिक संडासात आजही उकिडवंच बसावं लागतं. त्या धास्तीनं कित्येकजणी पाणीच कमी पितात. मग लघवीची जळजळ, बद्धकोष्ठ मागे लागतं.

गैरसमज सोडूया

"चाललं की जास्त झिजतं" हे खरं नाही. बसून राहिलं तर स्नायू दुबळे होतात आणि सगळा भार सांध्यावर येतो. कॅल्शियम हाडांना हवं, पण झिजलेली कूर्चा त्यानं भरत नाही. मेडिकलमधून रोज पेनकिलर आणून खाल्ल्यानं पोटात जखम होऊ शकते, बीपी वाढतं, किडनीवर ताण येतो. बिननावाच्या पुड्यांनी लगेच आराम पडला तर सावध व्हा. काहींत स्टिरॉइड मिसळलेलं असतं.

घरी काय करायचं?

पाय लांब करून बसा. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबा, पाच अंक मोजा, सोडा. दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. सपाट जागी झेपेल तेवढं चाला. वजन जास्त असेल तर कमी करा. एक किलो घटलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोनं हलका होतो. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरा. घरात जागा असेल तर कमोडची खुर्ची घ्या.

दवाखान्यात कधी जायचं?

दुखणं महिनाभर थांबलं नाही, तर पालिकेच्या दवाखान्यात दाखवा. तिथून राजावाडी, कूपर किंवा कांदिवलीच्या शताब्दीत हाडांच्या ओपीडीला जाता येतं. बीपी, शुगरच्या गोळ्या सोबत न्या. फिजिओथेरपीबद्दल आवर्जून विचारा. गुडघा गरम, लाल होऊन ताप आला, तर त्याच दिवशी जा. सकाळी तासभर बोटं आखडत असतील, तर तो वेगळा संधिवात असू शकतो. ऑपरेशन सगळ्यांना लागत नाही. लागलंच, तर केंद्र सरकारनं ऑगस्ट २०१७ मध्ये कृत्रिम गुडघ्याच्या किमतींवर मर्यादा घातली आहे, हे लक्षात ठेवा. सरकारी योजनेतून काय मिळेल, ते रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात आधी विचारा.

खुर्चीची लाज कशाला?

कपिलवस्तूच्या सभागृहात पाठ दुखू लागली, तेव्हा तथागतांनी आनंदाला उपदेश पुढे चालवायला सांगितलं आणि स्वतः आडवे झाले, असं मज्झिम निकायात आहे. बाबासाहेब १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर काठीच्या आधारानं उभे होते. मग आपल्या आजीनं खुर्चीत बसून वंदना घेतली, तर त्यात अनादर कुठला?

विहार समित्यांना विनंती आहे. पुढच्या रांगेत खुर्च्या मांडा, पायरीला कठडा लावा. वस्तीच्या संडासात एक तरी कमोड आणि धरायला दांडा बसवावा, असा अर्ज महिला मंडळानं वॉर्ड ऑफिसला द्यावा. आणि सुनांनो, लेकींनो, सासू किंवा आई "काही नाही, वात आहे" म्हणाली, तरी एकदा तिच्यासोबत जाऊन केसपेपर काढा.

नमो बुद्धाय! जय भीम!